दगडावर कुणाचं नाव राहतं?

बुलढाणा, खामगावकडून ऐकताय ना? आजचा विषय आहे ब्रिटिशकालीन चर्च आणि दफनभूमी.

आपण शेगाव नाहीतर मलकापूरहून विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसतो, सकाळी सीएसएमटीला उतरतो, स्टेशनसमोर सेल्फी काढतो आणि कामाला लागतो. मी या खेपेला तिथून कुलाब्याला गेले, मग शिवडीला.

कुलाब्याचं अफगाण चर्च 1858 चं. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धाच्या काळात मेलेल्यांचं हे स्मारक. आत अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. आणि साधे शिपाई? त्यांच्याबद्दल एवढंच म्हटलंय, की ते इतके होते की सगळ्यांची नावं लिहिणं शक्य नाही. मी ते दोनदा वाचलं.

जानेवारी 1842 मध्ये काबूलहून माघार घेताना सुमारे 4,500 सैनिक निघाले होते. त्यांच्यासोबत जवळपास 12,000 नोकरचाकर आणि बायकापोरं. बहुतेक सगळे बर्फात, गोळीबारात संपले किंवा पकडले गेले. अधिकाऱ्याला नाव मिळालं, शिपायाला एक ओळ. स्वयंपाकी, उंटवाले यांना तीही नाही.

शिवडीची दफनभूमी 1865 ची. आपण जिथे सेल्फी काढतो ते स्टेशन उभारणारा फ्रेडरिक स्टीव्हन्स इथे आहे. 1900 मध्ये मलेरियाने गेला. गेटवे ऑफ इंडियाचा वास्तुकार जॉर्ज विटेटही इथेच. आणि लोकमान्य टिळकांसोबत होमरूलसाठी झटलेले काका बाप्टिस्टासुद्धा! म्हणजे ‘ते तर गोऱ्यांचं स्मशान’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. आपलीही माणसं तिथे आहेत.

आता आपल्याकडे या. वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. 1870 मध्ये खामगावला रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला. आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांचीही दफनभूमी असते, आणि ऊन-पावसात दगडावरची अक्षरं झिजतातच.

मग एक काम करा. जुनी दफनभूमी दिसली, तर आधी तिथल्या मंडळींची परवानगी घ्या. सकाळच्या नाहीतर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, पुसट अक्षरं तेव्हाच उठून दिसतात. खडू घासू नका, पाणी ओतू नका, कबरीवर बसून रील तर नकोच. नाव आणि साल टाइप करून ठेवा, फोटो त्या मंडळींनाही पाठवा.

अफगाण चर्चमधल्या शिपायांची नावं आपण परत आणू शकत नाही. पण जी अजून वाचता येतात, ती आपल्या मोबाइलमध्ये मावतात.

भेटू पुढच्या भागात!