बुडबुडे मोजायचे ते कशासाठी?

पाणबुड्यांच्या रक्तातले वायूचे बुडबुडे अल्ट्रासाउंडने आपोआप ओळखणारी यंत्रणा आता आवाक्यात आली आहे. तिच्याबद्दलचा उत्साह मला मान्य आहे. तिच्याकडून ठेवलेली अपेक्षा मात्र मान्य नाही. या यंत्राने डीकॉम्प्रेशनची, म्हणजे खोल पाण्यातून सावकाश वर येण्याची, टेबल्स तपासावीत. एकेका माणसाला निरोगी किंवा आजारी ठरवणे हे त्याचे काम नव्हे.

शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९०८ साली थांबे घेत वर येण्याची टेबल्स प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापाशी मुख्य निकष होता तो प्रयोगातल्या शेळीने दुखरा पाय उचलून धरला की नाही, हा. म्हणजे बुडबुड्यांमुळे होणारा बेंड्स हा आजार झाल्यावरच चूक कळायची. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डॉप्लर अल्ट्रासाउंड आला आणि आजाराच्या अलीकडचे ऐकू येऊ लागले. त्याबरोबर एक अडचणीची गोष्टही कळली. ज्यांना काडीचाही त्रास नाही, अशा कितीतरी पाणबुड्यांच्या शिरांतून बुडबुडे वाहत असतात. बुडबुड्यांच्या आवाजावरून लावायच्या स्पेन्सरच्या श्रेणीत ० म्हणजे काहीच नाही आणि ४ म्हणजे हृदयाचे ठोकेही झाकून टाकणारा अखंड आवाज. पण वरच्या श्रेणीतल्या बहुसंख्यांनाही बेंड्स होत नाहीत. उलट, बुडबुडे ऐकू आले नाहीत तर आजाराची शक्यता फारच कमी, हा निष्कर्ष बराच भरवशाचा ठरला आहे. कॅनडातल्या डीसीआयईएम या संस्थेने आपली टेबल्स बसवताना डॉप्लर वापरला तो याच बळावर. ज्या टेबलाने बऱ्याच जणांत बुडबुडे उठतात ते बदलायचे; त्यासाठी कोणी लुळे पडेपर्यंत थांबायचे नाही.

मग यंत्र कशाला, प्रशिक्षित कान पुरे आहे की, असा आक्षेप येतो. हा कान काय करतो ते पाहा. प्रोब छातीवर धरलेला असतो, पाणबुड्या स्तब्ध उभा असतो. मग त्याला एक बैठक मारायला सांगतात. पायांत अडकलेले बुडबुडे सुटतात आणि पुढच्या काही ठोक्यांत झडपांच्या धपधपीतून चिवचिवाटासारखा आवाज निघून जातो. तेवढ्यात श्रेणी ठरवायची, आणि हे दर वीस मिनिटांनी दोन तास करायचे. असे कान मोजके असतात, ते दमतात आणि एकाच ध्वनिमुद्रणावर दोघांचे एकमत होतेच असे नाही. यंत्र दमत नाही, हा फायदा लहान नव्हे. पण ते शिकते ते याच कानांनी लावलेल्या श्रेण्यांवरून. गुरूंचेच एकमत नसेल तर शिष्याची अचूकता मोजायची कशावर? शिवाय वरच्या श्रेणीची मुद्रणे कमी मिळतात, म्हणजे जिथे चूक महागात पडते तिथेच यंत्राचा सराव अपुरा राहतो. श्रेणी ही नुसती क्रमवारी आहे. ४ म्हणजे २च्या दुप्पट बुडबुडे नव्हेत. तरी यंत्राने २.७ असे उत्तर दिले की ते आपल्याला मोजमाप वाटू लागते. दशांश चिन्हाचा हा दरारा आपल्यावर फार आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बुडबुडे नसल्याचा निकाल भरवशाचा असेल, तर प्रत्येक पाणबुड्याच्या हाती हे उपकरण का देऊ नये? कारण तो भरवसा ठरलेल्या वेळी पुन्हा पुन्हा केलेल्या तपासणीचा आहे. बुडबुडे वर आल्याबरोबर शिगेला पोचत नाहीत. बहुधा अर्ध्या ते दीड तासाने पोचतात. बोटीवर दहाव्या मिनिटाला मिळालेले शून्य हे अभयपत्र नव्हे. शिरांतले बुडबुडे ऐकणारा डॉप्लर ऊतींत अडकलेला वायू ऐकत नाही. आणि सुमारे चारांपैकी एका प्रौढाच्या हृदयाच्या कप्प्यांमधले जन्मजात छिद्र पूर्ण बुजलेले नसते. त्याच्या बाबतीत थोडे बुडबुडेही फुप्फुसांना वळसा घालून मेंदूकडे जाऊ शकतात. ज्याचा हात बधिर झाला आहे त्याने पडद्यावरचे शून्य पाहून प्राणवायू आणि दाबकक्षाला उशीर केला, तर यंत्र नसते तेच बरे म्हणावे लागेल. लक्षण दिसले की उपचार. तिथे यंत्राला मत नाही.

तारकर्लीचे हौशी पाणबुडे आणि मुंबई हायवरचे व्यावसायिक यांच्या कामाची खोली, वायू आणि पाण्याखालचा वेळ वेगवेगळा आहे. एका गटावर शिकलेले यंत्र दुसऱ्यावर तपासल्याशिवाय वापरू नये. अशी तपासणी करता यावी म्हणून नुसती श्रेणी लिहून मूळ आवाज पुसून टाकण्याची सवय आधी मोडा. प्रत्येक मुद्रणासोबत खोलीचा आलेख, वर आल्यापासूनची मिनिटे, विश्रांती की हालचाल, आणि दोन श्रोत्यांनी एकमेकांना न विचारता दिलेल्या श्रेण्या ठेवा. मतभेद असतील तर तेही तसेच ठेवा.