छायाचित्रात न दिसणारा आजार
(रुग्णालयाच्या सभागृहातील छायाचित्र प्रदर्शनाच्या वेळी केलेले भाषण)



या भिंतींवरील सर्व छायाचित्रे एकाच व्यक्तीची आहेत. आयुष्यभर मैफलींत संवादिनीची साथ करणारे हे कलावंत आमच्याकडे काचबिंदूचे उपचार घेतात. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव आम्ही दिलेले नाही.

छायाचित्रांत आजार शोधू गेल्यास तो सापडत नाही. डोळे स्वच्छ आहेत. पिकलेल्या मोतीबिंदूची पांढरट छटा त्यांत नाही. काचबिंदूत दृष्टीच्या मज्जातंतूची हानी होते, बहुधा बाजूची नजर आधी जाते आणि वेदना मात्र सहसा होत नाहीत. १८७२ साली जन्मलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी बालपणी फटाक्याने अधू झाली. उपचारासाठी मिरजेस आलेला तो मुलगा तेथेच गाण्याकडे वळला. तो आघात सर्वांना तत्क्षणी कळला होता. काचबिंदू अशी वर्दी देत नाही.

म्हणूनच घरच्या संग्रहातील दोन जुनी छायाचित्रेही आम्ही येथे लावली आहेत. संवादिनीवादक बहुधा गायकाच्या डाव्या हाताला बसतो. गायकाचा हात आणि श्वास त्याला उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपावा लागतो. पहिल्या छायाचित्रात यांची मान सरळ असून केवळ नजर वळली आहे. दुसऱ्यात सारी मानच गायकाकडे वळली आहे. श्रोत्यांनी तिला तल्लीनता म्हटले, घरच्यांनी वय. उपचार सुरू झाले तेव्हा बाजूची बरीच नजर गेलेली होती. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखण्यासाठी ते रोज न चुकता थेंब घालतात.

बाजूने आलेला माणूस त्यांना दिसत नाही. म्हणून छायाचित्रकाराने प्रत्येक वेळी आधी सांगूनच छायाचित्र घेतले. त्यांच्या नकळत टिपलेले एकही चित्र या दालनात नाही.

मांडणीपूर्वी त्यांनी प्रत्येक छायाचित्र हात लांब करून पाहिले आणि विचारले, “यात मी आंधळा दिसतो का?” आम्ही ‘नाही’ म्हणालो. “मग ठीक आहे. अजून झालेलो नाही.” हे शब्द प्रवेशद्वारापाशी लावण्याचा आमचा विचार होता. ते म्हणाले, “त्याऐवजी तपासणीची वेळ लावा.”

त्याप्रमाणे ती लावली आहे. काचबिंदू पुष्कळदा एकाच घराण्यात आढळतो. आपल्या आईवडिलांना वा भावंडांना तो असेल, तर काही त्रास नसतानाही कृपया तपासणी करून घ्यावी.

देणगीदारांस एकच विनंती. शस्त्रक्रियेनंतर पट्टी सुटते, रुग्णाला दिसू लागते, आणि दात्यालाही दानाचे फळ दिसते. थेंबांच्या बाटलीचे फळ असे दिसत नाही. जे आहे ते टिकून राहते, इतकेच. परंतु ती बाटली संपते आणि पुन्हा आणावी लागते, आयुष्यभर. या न दिसणाऱ्या कार्यासही आपला हातभार लागावा.