बागेत काय काम होतं?

(अमरावती येथील कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मोर्च्यात आपण किती चाललो याचा हिशेब आपल्यापाशी असतो. आज मी घोषणा नसलेल्या, निवेदन नसलेल्या चालण्याबद्दल बोलणार आहे.

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झालं. तिथं नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे. आमच्या वस्तीतल्या सात शेतमजूर बाया आणि मी, हिवाळ्यातल्या एका सकाळी पायीच ते बघायला निघालो. त्यांच्यापैकी एकीलाच वाचता येत होतं, म्हणून पाट्या मी वाचणार असं ठरलं.

'गोखरू' मी वाचलं. 'लघवीच्या तक्रारींवर उपयोगी' असंही सांगितलं. एकजण वाकून म्हणाली, "माय वं, हे तं सराटे हायेत! ह्यायनं तं पायाची चायनी केली आमच्या!" सगळ्या खळखळून हसल्या. मग माका, भुईआवळी ही त्यांची रोजची निंदणातली ओळखीची मंडळी निघाली. त्या सांगू लागल्या आणि मी वहीत लिहू लागले.

सर्पगंधेचं शास्त्रीय नाव राउल्फिया. ते राउवोल्फ या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्याच्या नावावरून पडलं. १९५२ साली तिच्या मुळातून रेसर्पिन हे रक्तदाबावरचं औषध वेगळं काढलं गेलं. ते शास्त्र मोठंच आहे. पण मुळ्या-पाला ओळखून तो घराघरांत जपणाऱ्या बायांचं नाव कुठल्या पाटीवर आहे?

आणि ही ओळख आता शेतातूनच पुसली जातेय. तणनाशक फवारलं की माका जातो, भुईआवळी जाते आणि बाईची निंदणाची मजुरीही जाते. या तिन्ही गोष्टींचा विचार आपण एकत्र करत नाही.

परतताना एकीला लघवीला जायचं होतं. वाटेत कुठंच सोय नव्हती. गोखरूची पाटी आठवून आम्ही हसलो खऱ्या, पण घर येईपर्यंत तिनं कळ सोसली.

संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं विचारलं, "काय काम होतं तिथं?" ती म्हणाली, "काम नोयतं. पाह्याले गेलतो." त्यावरून घरात भांडण झालं. पुढच्या वेळी ती आली नाही. हे मी लपवणार नाही. बाई मजुरीला चार कोस चालली तर कोणी अडवत नाही. पण स्वतःच्या खुशीनं चालली की जाब विचारला जातो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटानं महिन्यातून एकदा, काही काम न काढता, पायी निघावं. सोबत वही असू द्यावी. वाटेत स्वच्छतागृह आणि बसायला बाक कुठं नाहीत तेही लिहावं, आणि ती यादी घेऊन नगरपालिका-महानगरपालिकेत जावं. आणि जी येऊ शकली नाही, तिच्या घरी आधी जावं.

आम्ही येत्या रविवारी तिच्याकडे जाणार आहोत.