घडी चुकलेली प्रथिने



भूगावच्या श्रोत्यांपुढे बोलावयाचे तर कुस्तीवर बोलावे, रसायनशास्त्रावर नव्हे, असे मला चालकांचे निमंत्रण आले तेव्हा वाटले. २०१७ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा याच गावी झाली. अभिजित कटके आणि किरण भगत यांची शेवटची लढत आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिली असेल. पण योगायोग असा की, त्याच वर्षी चांदणी चौकापलीकडे पाषाणला एका वेगळ्याच आखाड्यातले वस्ताद दाखल झाले होते. डॉ. जयंत उदगावकर हे त्यांचे नाव. भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचे, म्हणजे आपण ज्याला ‘आयसर’ म्हणतो तिचे, ते २०१७ ते २०२२ या काळात संचालक होते. त्यांचा आखाडा म्हणजे बोटभर काचेची कुपी, आणि त्यातला डाव सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात होऊन जातो. त्यांचा माझा परिचय नाही. त्यांचे जे काम प्रसिद्ध झाले आहे, त्याच्याच आधाराने मी आज बोलणार आहे.

परंतु आधी माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. कारण या विषयाकडे मी वळलो तो तिच्यामुळे.

माझी एक आत्या होती. आम्ही तिला अक्का म्हणत असू. मोठी करारी बाई. तीसजणांचा स्वयंपाक एकटीने उरकावा आणि वर कोणाच्या पानात काय वाढले हेही लक्षात ठेवावे, अशी. सत्तरी ओलांडल्यावर ती विसरू लागली. आधी मिठाचा डबा, मग वार, मग माणसे. एके दिवशी तिने सुनेवर पाटल्या चोरल्याचा आळ घेतला. पाटल्या तांदळाच्या कणगीत सापडल्या. तिनेच तेथे ठेवल्या होत्या. घरातले कोणी हसले, कोणी चिडले. ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून आम्ही मोकळे झालो. मी शिकलेला, शाळेत रसायनशास्त्र शिकविणारा माणूस. पण तिने एकच प्रश्न पाचव्यांदा विचारला तेव्हा मी तिच्या अंगावर ओरडलो. ती लहान मुलासारखी भिंतीकडे तोंड करून बसली. ती गेली त्याला आता बरीच वर्षे झाली; परंतु ते पाठमोरे बसणे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तिच्या मेंदूत काय चालले होते? मेंदूची तपासणी झाल्याखेरीज एका माणसाविषयी खात्रीने सांगता येत नाही. पण अशा विस्मृतीचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अल्झायमरचा आजार, आणि त्याच्या मुळाशी आहेत घडी चुकलेली प्रथिने.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. पण रक्तातला प्राणवायू वाहणारे, अन्न पचविणारे, स्नायू आखडणारे, अशी शरीरातली बहुतेक कामे प्रथिनेच करतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. आम्लांचे मुख्य प्रकार वीस. त्यांचा क्रम बदलला की प्रथिन बदलले. पण नुसती सरळ साखळी काही कामाची नसते. ती एका ठराविक रीतीने दुमडली गेली पाहिजे. आपला फेटाच पाहा ना. घडी करून ठेवलेले ते नुसते लांब कापड. डोक्यावर नीट बांधले की त्याचा फेटा होतो. फरक इतकाच की, फेटा बांधावयास जाणत्या माणसाचा हात लागतो. प्रथिन आपला फेटा आपणच बांधते.

हे कशावरून? क्रिश्चन अँफिन्सन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने रायबोन्यूक्लिएज नावाचे प्रथिन घेतले. त्यात १२४ अमिनो आम्ले आणि घडी पक्की करणारे गंधकाचे चार टाके असतात. युरिया आणि दुसरे एक रसायन घालून त्यांनी ते टाके उसवले आणि घडी पार मोडली. प्रथिन निकामी झाले. मग ती रसायने काढून टाकली, हवा लागू दिली, आणि काही वेळाने तेच प्रथिन पुन्हा कामाला लागले. आठ टोके जोडीजोडीने जुळविण्याचे १०५ मार्ग आहेत. त्यांतला नेमका एक त्याने आपणहून शोधला होता. या कामाबद्दल अँफिन्सन यांना १९७२ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

पण येथेच एक कोडे उभे राहिले. शंभर दुव्यांच्या साखळीने सगळ्या घड्या एकेक करून पाहावयाच्या म्हटल्या, तर विश्वाचे आयुष्यही पुरणार नाही. प्रत्यक्षात कित्येक प्रथिने डोळ्याचे पाते लवण्याच्या आत दुमडून मोकळी होतात. तेव्हा त्यांना काही वाट असली पाहिजे. ती कोणती?

उदगावकरांनी आपले आयुष्य या प्रश्नाला वाहिले आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज हेस यांच्याबरोबर त्यांनी अतिशय जलद होणाऱ्या रासायनिक क्रिया मोजण्याची विद्या हस्तगत केली. नंतर स्टॅनफर्डला रॉबर्ट बाल्डविन यांच्याबरोबर त्यांनी अँफिन्सन यांचेच रायबोन्यूक्लिएज हाती घेतले. युक्ती मोठी नामी होती. प्रथिन दुमडू लागले की त्यातले काही हायड्रोजन अणू घडीच्या आत झाकले जातात आणि बाहेरच्या पाण्याशी अदलाबदल करीनासे होतात. कोणते अणू केव्हा झाकले गेले हे कळले, म्हणजे घडीचा कोणता पदर आधी पडला हे कळते. साधा आणि जड हायड्रोजन वापरून त्यांनी ते टिपले. साखळी एकदम दुमडत नाही. अर्धवट बांधलेल्या फेट्यासारखी एक मधली अवस्था लवकरच तयार होते, हे त्यांनी दाखविले. १९८८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले.

पुढे ते मायदेशी परतले. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्याच एका शाखेत, त्यांनी प्रयोगशाळा उभारली. बार्स्टार हे जंतूंतले एक लहानसे प्रथिन आणि मोनेलिन हे आफ्रिकेतल्या एका फळातले गोड प्रथिन, अशा साध्या दिसणाऱ्या प्रथिनांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. सिंहगडावर जावयास जशा अनेक वाटा आहेत, तशाच एकाच घडीकडे जाणाऱ्याही अनेक वाटा असू शकतात, असे त्यांतून पुढे आले. २००० साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

कोणी विचारील, आफ्रिकेतल्या फळाच्या प्रथिनाची घडी मोजून आमच्या अक्काला काय मिळाले? प्रश्न रास्त आहे. पण सरळ वाट ठाऊक नसलेल्याला वाट कोठे चुकली हे सांगता येत नाही. म्हणूनच उदगावकरांच्या प्रयोगशाळेने पुढे टाऊ आणि प्रायॉन ही प्रथिने अभ्यासास घेतली, आणि ही दोन्ही थेट आजाराची आहेत.

आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ साली आपल्या एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूचे वर्णन सभेपुढे मांडले. पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे त्याला दिसले होते. ते थर अमायलॉइड बीटा या प्रथिनाचे आणि तो गुंता टाऊचा, हे कळावयास पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. कंपवातात आल्फा-सायन्यूक्लीन नावाचे तिसरेच प्रथिन असेच साचते. घडी बिघडलेली प्रथिने एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि मेंदूच्या पेशी मरू लागतात.

प्रायॉनची तऱ्हा तर याहून विलक्षण. आपली म्हण आहे ना, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. बिघडलेले प्रायॉन चांगल्या प्रायॉनला भेटले की त्यालाही आपल्यासारखे करते. अमिनो आम्लांचा क्रम, म्हणजे वाण, तोच राहतो. गुण मात्र पालटतो. जंतू नाही, विषाणू नाही, केवळ प्रथिनाने रोग पसरतो हे स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली मांडले तेव्हा त्यांची चेष्टा झाली. १९९७ साली त्यांनाच नोबेल मिळाले. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. विसराळू आजीच्या शेजारी बसल्याने, तिच्या ताटात जेवल्याने अल्झायमर कोणालाही होत नाही. त्या भीतीने कोणी तिचे ताट वेगळे करू नये.

औषधाचे काय? खोटी आशा मी दाखविणार नाही. २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब हे औषध आजाराच्या आरंभीच उपयोगी पडते. तेही त्याची गती थोडी मंदावते, आजार बरा करीत नाही. पण घडीचे शास्त्र कळले म्हणजे काय साधते याचे एक उदाहरण देतो. ट्रान्सथायरेटिन नावाच्या प्रथिनाचे चार तुकडे सुटे होऊन बिघडले की हृदयात आणि नसांत साचतात. जेफ्री केली या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने त्या चौघांना एकत्र धरून ठेवणारा लहानसा रेणू शोधला. टाफामिडिस या नावाने ते औषध २०११ साली युरोपात आणि २०१९ साली अमेरिकेत मान्य झाले. घडी सुटूच द्यावयाची नाही, एवढाच त्यातला डाव. आखाड्यातही पकड सुटू न देणे हाच कित्येकदा विजय असतो.

टाऊची पकड अजून कोणाला सापडलेली नाही. २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल ज्यांना मिळाले, त्यांतल्या दोघांनी प्रथिनाची अखेरची घडी संगणकाने ओळखून दाखविली. परंतु ती घडी कशी पडते आणि कोठे चुकते, हे अजून कुपीतच पाहावे लागते. आपल्या मुलामुलींना त्या कामात पुष्कळ जागा आहे. पाषाण येथून काही लांब नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? घरातले वडीलधारे माणूस विसरू लागले तर ते वयाचेच म्हणून सोडून देऊ नका. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाच्या उणिवेने, थायरॉइडच्या विकाराने किंवा खिन्नतेनेही विस्मरण होते, आणि त्यांवर उपाय आहेत. डॉक्टरांना दाखवा. आणि आजार तोच निघाला, तर एवढे ध्यानात ठेवा की, आळ घेणारी ती बाई लबाड नाही. तिचा मेंदू तिला फसवीत आहे. पाचव्यांदा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पाचव्यांदा द्या.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हते. आपल्याला आज ठाऊक झाले, एवढ्यासाठीच मी येथे उभा राहिलो.