हार पचविण्याची मुदत
(कळंबा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या तलावाच्या पाण्यावर कोल्हापूर शहराच्या कित्येक पिढ्या पोसल्या, त्या तलावाच्या या गावी उभा राहून मी अमेरिकेतील बास्केटबॉलच्या एका जुन्या वैराची कथा आपणांपुढे मांडणार आहे. आणि ती मांडण्याचे कारण मात्र येथून थोड्याच अंतरावर, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर, दर हंगामात दाटीवाटीने बसणाऱ्या आपल्याच माणसांत आहे. दोन तुल्यबळ प्रतिपक्षांनी एकमेकांशी किती वेळा झुंजावे, आणि पराभूताला आपली हार पचविण्यास किती मुदत मिळावी, हा प्रश्न कोल्हापूरच्या फुटबॉलला आज जितका निकडीचा आहे तितका दुसऱ्या कोणत्या गावाला क्वचितच असेल. त्याचे मला सापडलेले सर्वांत समाधानकारक उत्तर बॉस्टन आणि लॉस एंजलिस या दोन नगरांच्या संघांच्या इतिहासात आहे, म्हणून एवढ्या दूरचा प्रवास.

बास्केटबॉल हा खेळ वयाने फार मोठा नाही. 1891 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने, हिवाळ्यात घराबाहेर पडता येत नाही अशा तरुणांना काही उद्योग हवा म्हणून, फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून तो सुरू केला, आणि वाय.एम.सी.ए. या संस्थेच्या मार्गाने तो पुढे आपल्या देशातही आला. मुंबईच्या नागपाड्यासारख्या दाट वस्तीत तर त्याने असे मूळ धरले की, अब्बास मुनतासीर यांच्यासारखा भारताचा कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचा मानकरी त्या मोहल्ल्याने देशाला दिला. नागपाड्यावर एक स्वतंत्र व्याख्यान व्हावयास हवे; आज मात्र मला या खेळाच्या व्यावसायिक स्पर्धेची घडण आपणांस सांगावयाची आहे.

महिनोन्‌महिने चालणाऱ्या साखळीतून आणि तिच्या मागोमाग येणाऱ्या फेऱ्यांतून तावून सुलाखून निघालेले दोन संघ जेव्हा अखेरच्या लढतीस समोरासमोर येतात, तेव्हा त्यांचा फैसला एका सामन्यावर सोपविला जात नाही. सातांपैकी चार सामने जो जिंकेल तो विजेता, असा तेथील रिवाज आहे. काही सामने एकाच्या नगरात, काही दुसऱ्याच्या, आणि मधल्या काळात दोन्ही संघांचा मुक्काम एकदा स्वकीयांत तर एकदा परकीयांत. खालच्या कोर्टात हरलेल्या पक्षकाराला जशी वरच्या कोर्टात अपिलाची मुदत असते, तशी येथे प्रत्येक पराभवाला दोन-तीन दिवसांनंतरची तारीख मिळते, आणि चौथा पराभव पदरी पडेपर्यंत कोणाचीही कैफियत निकालात निघत नाही. एका रात्रीचे दैव, पंचाची एखादी चूक, ऐन वेळी लचकलेला घोटा, यांचा अंमल सात सामन्यांत बराच ओसरतो. आणि त्याहून मोलाची गोष्ट अशी की, पाचव्या-सहाव्या सामन्यापर्यंत दोन्ही संघ एकमेकांना इतके अंतर्बाह्य ओळखू लागतात की, प्रतिपक्षाच्या गुणांचा हिशेब ठेवल्यावाचून स्वतःची पुढली चालही त्यांना आखता येत नाही.

बॉस्टनचा सेल्टिक्स आणि लॉस एंजलिसचा लेकर्स या दोन संघांची अशी अंतिम मालिका आजवर बारा वेळा झाली. पहिली 1959 साली झाली तेव्हा लेकर्स अजून मिनियापोलिस नगरात होते. पुढच्याच वर्षी ते पश्चिम किनाऱ्यावर आले आणि अमेरिकेची पूर्व व पश्चिम ही दोन टोके या वैराने सांधली गेली. बारांपैकी नऊ मालिका बॉस्टनने जिंकल्या, तीन लॉस एंजलिसने. विशेष असे की, लेकर्सचे तिन्ही विजय 1985 पासूनच्या यादीत आहेत, म्हणजे त्याआधी आठ वेळा त्यांनी त्याच प्रतिपक्षाकडून हार खाल्ली होती. आठ वेळा हरूनही ज्या संघाने नवव्यांदा त्याच दाराशी जाऊन हाक दिली, त्या संघाविषयी मला अकृत्रिम आदर वाटतो.

या आठ पराभवांतील सर्वांत दारुण पराभव 5 मे 1969 या दिवशीचा. त्या वर्षी बॉस्टनचा संघ वार्धक्याला टेकला होता, साखळीत आपल्या विभागात तो चौथा आला होता, आणि त्याचा प्रमुख खेळाडू बिल रसेल हाच प्रशिक्षकाचीही धुरा वाहत होता. लेकर्सकडे जेरी वेस्ट, एल्जिन बेलर आणि विल्ट चेंबरलेन असे तीन महारथी होते. पहिले सहा सामने ज्याने-त्याने आपापल्या नगरात जिंकले आणि सातव्याची तारीख लॉस एंजलिसला लागली. विजयाची खात्री इतकी की, लेकर्सच्या मालकांनी क्रीडागृहाच्या छताला जाळ्यांत भरून फुगे टांगून ठेवले होते. शेवटच्या काही मिनिटांत चेंबरलेन गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला, पुढे त्याला आत घेण्यात आले नाही. आणि अखेरच्या क्षणांत बॉस्टनच्या डॉन नेल्सनने टाकलेला चेंडू कड्यावर आपटून उंच उडाला आणि सरळ खाली येऊन टोपलीत पडला. बॉस्टन 108, लॉस एंजलिस 106. फुगे छतालाच राहिले. रसेलचा तो अखेरचा सामना ठरला, आणि तेरा वर्षांत अकरा विजेतेपदे एवढी त्याची मिळकत झाली.

परंतु त्या दिवसाची जी गोष्ट मला आपणांपुढे मुद्दाम ठेवावयाची आहे ती निराळी आहे. मांडीचा स्नायू दुखावलेला असताना जेरी वेस्ट त्या सातव्या सामन्यात 42 गुण करून गेला, तेरा वेळा परतलेला चेंडू त्याने हस्तगत केला आणि बारा वेळा सहकाऱ्याला गुण करावयास लावले. अंतिम मालिकेतील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी प्रथम सुरू झाला होता, आणि तो पराभूत संघातील वेस्टला देण्यात आला. त्यानंतर आजतागायत हरलेल्या संघातील दुसऱ्या कोणालाही तो मिळालेला नाही. सात सामने झाले नसते, एकाच संध्याकाळी निकाल लागून लोक घरोघर गेले असते, तर हे श्रेष्ठत्व ओळखण्याइतका अवकाशच कोणाला मिळाला नसता. जो हरला तोच उत्तम खेळला, हे कबूल करण्यासाठी पाहणाऱ्याला त्याचा खेळ पुन्हापुन्हा पाहावा लागतो.

आता 1984 कडे येतो, कारण कोल्हापूरच्या माणसाला ती मालिका अगदी घरची वाटेल. बॉस्टनचा लॅरी बर्ड आणि लॉस एंजलिसचा मॅजिक जॉन्सन हे 1979 मध्ये महाविद्यालयीन अंतिम सामन्यात भिडलेले दोन तरुण पाच वर्षांनी या मालिकेत समोरासमोर आले. पहिला सामना लेकर्सने बॉस्टनमध्ये जाऊन मारला. दुसरा ते जिंकलेच होते, परंतु शेवटच्या काही सेकंदांत बॉस्टनच्या जेराल्ड हेंडरसनने लेकर्सने सहकाऱ्याकडे टाकलेला चेंडू मध्येच झडप घालून पळविला, बरोबरी साधली आणि वाढीव वेळेत बॉस्टनने सामना खेचून नेला. तिसऱ्यात लेकर्सने 137 विरुद्ध 104 असा धुव्वा उडविला. मग चौथ्या सामन्यात बॉस्टनच्या केव्हिन मॅकहेलने धावत येणाऱ्या लेकर्सच्या कर्ट रॅम्बिसला गळ्यात हात अडकवून जमिनीवर आडवे पाडले, आणि दोन्ही संघ एकमेकांच्या अंगावर धावून गेले. त्या रात्रीचा सामनाही वाढीव वेळेत बॉस्टनने जिंकला.

ही घटना आपल्याकडे घडली असती तर पुढे काय झाले असते, याची कल्पना करण्यास आपणांपैकी कोणालाही प्रयास पडणार नाही. तेथे काय झाले? तेथे दोन दिवसांनी, 8 जूनला, तेच दोन संघ बॉस्टनच्या जुन्या, शीतयंत्रणा नसलेल्या क्रीडागृहात पुन्हा उभे राहिले. आत 36 अंश उष्णता होती. आपल्या चैत्रवैशाखात हा आकडा नवलाचा नव्हे, परंतु हजारो माणसांनी कोंडलेल्या बंदिस्त गृहात तो काय असेल, हे लेकर्सच्या सदतीस वर्षांच्या करीम अब्दुल-जब्बारला विचारावे, ज्याला सामना चालू असताना बाजूला बसून नळीने प्राणवायू घ्यावा लागला. बर्डने त्या भट्टीत 34 गुण केले. सहावा सामना लेकर्सने घेतला, सातवा बॉस्टनने. रॅम्बिस आणि मॅकहेल यांच्या वैराला मालिकेतच वाट मिळाली. रस्त्यावर ते आले नाही.

पुढच्या वर्षी पहिल्याच सामन्यात लेकर्स 148 विरुद्ध 114 असे हरले आणि वृत्तपत्रांनी करीमच्या वयाची चर्चा मांडली. नंतरच्या पाच सामन्यांपैकी चार लेकर्सने जिंकले, अखेरचा बॉस्टनच्याच भूमीवर, आणि अडतीस वर्षांचा करीम मालिकेचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. त्याच वर्षी एका जाहिरातीच्या चित्रणासाठी मॅजिक बर्डच्या गावी गेला असता बर्डच्या आईने त्याला जेवू घातले, आणि तेथून त्या दोघांचा स्नेह जडला. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ते एकाच संघातून खेळले. इतक्या वेळा एकमेकांना जोखल्यानंतर स्नेहावाचून दुसरे काही उरतच नसावे, असे मला वाटते.

आता आपल्या घराकडे वळू. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेचे मैदान बांधून कुस्तीला जे वैभव दिले, त्याची पाळेमुळे पेठापेठांतील तालमींत होती, आणि त्याच तालमींनी पुढे फुटबॉलही आपला केला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडीचे क्रीडा मंडळ, ही नावे उच्चारली की या सभेतील निम्म्या माणसांचे डोळे चमकतात, हे मला येथून दिसते आहे. विश्वचषकाच्या दिवसांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे ध्वज गल्लीगल्लीत लावणारे, खेळाडूंच्या उंचच उंच प्रतिमा चौकात उभ्या करणारे दुसरे नगर महाराष्ट्रात शोधून सापडणे कठीण. 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. एवढी भक्ती, एवढी परंपरा, आणि तरीही हुल्लडबाजीमुळे सामने थांबावेत, दगड भिरकावले जावेत, पोलिसांचा बंदोबस्त हीच सामन्याची पहिली अट होऊन बसावी, हे शल्य ज्याला टोचत नाही त्याने स्वतःला कोल्हापूरकर म्हणवू नये.

या शल्याचे मूळ माणसांच्या स्वभावात शोधणाऱ्यांशी मी सहमत नाही. कोल्हापूरचा माणूस खासबागेत चितपट झालेल्या परगावच्या मल्लालाही उठून दाद देतो. त्याच्या मनाच्या मोठेपणाचा दाखला निराळा नको. दोष स्पर्धेच्या घडणीत आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची साखळी होते हे खरे, परंतु लोकांचा जीव ज्यांत गुंततो त्या चषकांच्या स्पर्धा बहुतांशी बाद पद्धतीच्या. दोन पेठांची वर्षभराची प्रतिष्ठा एका संध्याकाळच्या एका सामन्याला, आणि बरोबरी झाली तर टायब्रेकरच्या पाच फटक्यांना, गहाण पडते. हरलेल्या पेठेला उद्या नाही. असेल तर तो दुसऱ्या कुठल्या चषकात, सोडतीत नाव निघाले तर. ज्या रागाला तारीख मिळत नाही तो त्याच रात्री निकाली निघू पाहतो.

म्हणून माझी सूचना अशी की, निदान एका चषकाची अंतिम लढत तीन सामन्यांची करावी. दोन जिंकेल तो विजेता. दोन सामन्यांत किमान तीन दिवसांचे अंतर. आणि एखादा सामना गोंधळाने थांबला तर तेवढा एक सामना दोषी संघाने गमावावा, मालिका मात्र तहकूब होऊ नये. यावर आक्षेप येईल की, आज जेथे एका संध्याकाळी दंगा होतो तेथे तीन संध्याकाळी होईल. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. परंतु आज लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूची शिक्षा त्या चषकापुरती बहुधा निरर्थक असते, कारण अंतिम सामना संपलेला असतो. मालिकेत तीच शिक्षा चौथ्या दिवशी, त्याच प्रतिपक्षासमोर, त्याच्या पेठेच्या डोळ्यांदेखत भोगावी लागते. प्रेक्षकालाही हेच लागू आहे. ज्या पेठेमुळे पहिला सामना थांबला, तिला दुसऱ्या सामन्याला एक हार पदरात घेऊन यावे लागेल, आणि मग तेथील वडीलधारी मंडळीच पोरांचा हात धरतील; तो बंदोबस्त कोणत्याही शिपायाच्या लाठीहून मजबूत असतो.

खर्चाचा प्रश्न आहेच. आपले खेळाडू बॉस्टनच्या खेळाडूंसारखे पगारी नाहीत. दिवसभर दुकानात, कारखान्यात, शेतात राबून दुपारनंतर बूट चढविणारी ही मुले, त्यांना एकाऐवजी तीन सामन्यांसाठी रजा काढावी लागेल, आणि ती भरपाई चषक देणाऱ्यांनीच करावी. बक्षिसाच्या रकमेतून मंडपाचा आणि ध्वनिक्षेपकांचा थाट कमी केला तर ती सहज निघेल. जेरी वेस्टचे उदाहरण ध्यानात ठेवून स्पर्धावीराचा मान पराभूत संघातील खेळाडूलाही देता येईल असा नियम स्पष्ट शब्दांत लिहून ठेवावा, आणि तो देताना विजयी पेठेचा कर्णधार व्यासपीठावर असावा.

पावसाळ्यात स्टेडियमची हिरवळ विश्रांती घेते आणि नव्या हंगामाच्या नोंदणीला अवकाश असतो. त्या महिन्यांत असोसिएशनचे पदाधिकारी आणि तालमींचे जुने खेळाडू एकत्र बसले तर हा ठराव एका बैठकीत होण्यासारखा आहे. बैठक शहरात भरविणे कोणाला अवघड वाटत असेल, कोणत्याही एका पेठेच्या हद्दीत बसणे दुसऱ्या पेठेला मानवत नसेल, तर कळंबा हे गाव कोणत्याच तालमीचे नाही. हे सभागृह त्या कामासाठी खुले ठेवावे, अशी विनंती मी या व्याख्यानमालेच्या चालकांना आजच, आपणा सर्वांच्या साक्षीने करीत आहे.