वादळानंतरचे दुकान

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात झालेल्या भाषणाचा सारांश)



आपल्या कार्यकारी मंडळाने मला उद्योगधंद्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. धंदा कसा वाढवावा हे सांगणारे अधिकारी पुरुष या सभागृहात पुष्कळ आहेत. मी आज निराळा विषय घेतो. एखाद्या शहरावर चक्रीवादळ येऊन गेल्यावर तेथील धंदा चालू कसा राहतो, हा तो विषय होय. आपल्यापैकी अनेक कुटुंबांची चूल एका दुकानावर, एका छापखान्यावर अथवा एका लहानशा कारखान्यावर पेटते. तो महिनाभर बंद पडला तर काय होईल, हा प्रश्न आपण सहसा मनात येऊ देत नाही.

उदाहरण अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या शहराचे घेतो. आपण ज्यास चक्रीवादळ म्हणतो, त्याच प्रकारच्या वादळास अटलांटिकच्या बाजूस हरिकेन म्हणतात. दि. २९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कॅटरिना’ नावाचे हरिकेन त्या किनाऱ्यावर येऊन आदळले. वाऱ्याने नासधूस केलीच. तथापि शहराचा खरा घात झाला तो कालव्यांच्या भिंती व तटबंध फुटल्यामुळे. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि ते पाणी उपसून काढण्यास सुमारे सहा आठवडे लागले. वीज नाही, दूरध्वनी नाही, नळास पाणी नाही, आणि गिऱ्हाईक तर शहरातच नाही, अशा स्थितीत धंदा तो कसा करावयाचा?

प्रथम तेथील ‘टाइम्स-पिकायून’ या दैनिकाची हकीकत ऐका. ३० ऑगस्टच्या सकाळी कचेरीभोवती पाणी चढू लागले, तेव्हा कर्मचारी अंक वाटण्याच्या मोटारगाड्यांत बसून बाहेर पडले. काही बातमीदार मात्र स्वेच्छेने मागे राहिले. तीन दिवस कागदावर अंक निघाला नाही. तो संगणकाच्या जाळ्यावरून वाचकांपर्यंत पोचविण्यात आला. २ सप्टेंबरला हूमा या शेजारच्या गावी दुसऱ्या वृत्तपत्राच्या यंत्रावर अंक छापून निघाला. पुढील वर्षी या पत्रास दोन पुलित्झर पारितोषिके लाभली. त्यांची इमारत आणि यंत्रे पाण्याने वेढलेली होती. परंतु माणसे एकत्र होती, आणि अडचणीच्या वेळी यंत्र देणारा समव्यवसायी जवळच्या गावी होता. आपल्यापैकी किती जणांनी असा शेजारी जोडून ठेवला आहे?

दुसरी हकीकत विजेची. शहराच्या मध्यभागी पॉयड्रास रस्त्यावर संगणकसेवा पुरविणारी एक कंपनी होती. तिची यंत्रे उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर होती आणि जोडीस डिझेलवर चालणारे जनित्र होते. मोजकी माणसे तेथेच मुक्काम ठोकून राहिली आणि सारे शहर अंधारात असता तिचे काम अखंड चालू राहिले. बंद शहरात डिझेल कसे आणावयाचे, हीच त्यांची रात्रंदिवसाची चिंता होती. उलट काही रुग्णालयांची विद्युत्‌व्यवस्था तळघरात होती. पाणी शिरताच ती निकामी झाली. यंत्र कोणत्या मजल्यावर ठेवावे, हा प्रश्न वरवर क्षुद्र दिसतो. परंतु पुढचे सारे त्यावरच ठरले.

तिसरी हकीकत मला सर्वांत मोलाची वाटते. शेजारच्या मिसिसिपी राज्यात गल्फपोर्ट येथे हॅनकॉक बँकेची मुख्य कचेरी होती. वादळाने तिची दुर्दशा केली व अनेक शाखा मोडल्या. लोकांजवळ रोख पैसा नव्हता, आणि वीज नसल्याने कार्डाचा काही उपयोग नव्हता. तेव्हा बँकेच्या माणसांनी मोडक्या शाखांसमोर मेजे मांडली आणि येईल त्यास, तो आपला खातेदार असो वा नसो, हातचिठ्ठीवर दोनशे डॉलरपर्यंत रोख रक्कम दिली. चिखलात भिजलेल्या नोटा धुऊन, वाळवून, इस्त्री करून त्यांनी वाटल्या. अशा रीतीने सुमारे ४ कोटी २० लाख डॉलर वाटले गेले. त्यांतील शेकडा एक भागही बुडाला नाही! पुढील काही महिन्यांत बँकेच्या ठेवी मात्र भराभर वाढल्या.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केवळ धैर्याने सर्व साधते असे नाही. सन २००० च्या शिरगणतीत न्यू ऑर्लिन्सची लोकसंख्या ४,८४,६७४ होती. २०१० मध्ये ती ३,४३,८२९ भरली. गिऱ्हाईकच परत न आल्यावर दुकान उघडून बसणाराने काय करावे? शहरास वीज पुरविणाऱ्या कंपनीलाही त्याच सप्टेंबरात दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. १८६२ पासून चालत आलेले ‘कॅफे दु माँद’ हे प्रसिद्ध कॉफीगृह १९ ऑक्टोबरला पुन्हा उघडले खरे. पण ते ज्या जुन्या वस्तीत आहे ती उंचावर असल्याने पुरातून बहुतांशी बचावली होती, हे विसरता कामा नये. शिवाय विम्याचा घोळ झाला. साधारण विमापत्रात वाऱ्याचे नुकसान भरून मिळे, पुराचे मिळत नसे. भिंत वाऱ्याने पडली की पाण्याने, यावर पुढे वर्षानुवर्षे दावे चालले.

बंधुभगिनींनो, हे सर्व सातासमुद्रांपलीकडचे आहे असे म्हणून आपणांस सुटता येत नाही. कॅटरिनाच्या अवघे चौतीस दिवस आधी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मुंबई-उपनगरांतील कित्येक दुकानांचा माल व चोपड्या पाण्यात गेल्या. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून उत्पन्न हाती येण्यास कित्येक वर्षे जातात, हे कोकणातील मंडळींस सांगावयास नको. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पुरात बुडाली.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. प्रत्येक पेढीने रोजमेळ, खतावणी, उधारीची यादी व विमापत्र यांची एक प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या आप्ताकडे ठेवावी. विमापत्रात पुराचा समावेश आहे की नाही हे आजच घरी जाऊन वाचावे. मौल्यवान यंत्र आणि माल पोटमाळ्यावर चढविण्याची सोय पावसाळ्यापूर्वी करावी. धंद्याची माहिती एकट्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यात राहू नये. घरातील गृहिणीस, मुलास, सुनेस येणे-देणे ठाऊक असावे. आणि दुकान बंद असले तरी नोकरमाणसांचा निदान एका महिन्याचा पगार निराळा काढून ठेवावा, कारण अनुभवी माणूस एकदा गाव सोडून गेला की सहजासहजी परत येत नाही.

अखेरची सूचना आपल्या संस्थेस आहे. विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती-निधी उभारतो, त्याप्रमाणे आपण एक आपत्ती-निधी उभारावा. त्यातून संकटानंतर आठवड्याच्या आत, तारण न मागता, केवळ हातचिठ्ठीवर लहान रक्कम बिनव्याजी मिळावी. सरकारी मदत येते, परंतु पंचनामा होऊन येते. आणि लहान दुकानदार मोडतो तो या मधल्या दिवसांत. पैसे परत येतील काय, अशी शंका काहींच्या मनात येईल. गल्फपोर्टच्या बँकेने अनोळखी माणसांना पैसे दिले आणि ते परत आले. आपण तर एकमेकांस तीन-तीन पिढ्यांपासून ओळखतो. हा निधी ज्ञातीपुरताच न ठेवता दुकानातील गड्यामाणसांसही त्याचा लाभ द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कारण पाणी ओसरल्यावर आपल्या दुकानातला चिखल उपसावयास प्रथम तेच येतात.

पुढील पावसाळ्यापूर्वी कार्यकारी मंडळाने या सूचनेचा विचार करून ती सर्वसाधारण सभेपुढे मांडावी, एवढी माझी प्रार्थना आहे.