आत राहून की बाहेर राहून?

(यवत, ता. दौंड येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषण)



तालुका समिती विसर्जित करून एका मोठ्या पक्षात सामील व्हावे आणि आत राहून त्याला डावे वळण लावावे, असा ठराव आपल्यापुढे आहे. तो मांडणाऱ्या साथींच्या हेतूविषयी मला शंका नाही. वर्षानुवर्षे पदरमोड करून काम करावे आणि कालव्याच्या आवर्तनासाठी मात्र दुसऱ्याच पक्षाच्या माणसाची चिठ्ठी चालावी, याने कोणीही थकेल. परंतु हा प्रश्न जुना आहे, आणि याच जिल्ह्याने तो एकदा पुरता अनुभवला आहे.

ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे काँग्रेसमध्ये गेले, त्यांच्यामागोमाग बहुजन शेतकरी गेला. सत्ता हाती येताच पक्षात शेतकऱ्याचे चालेना, तेव्हा जेधे व शंकरराव मोरे यांनी प्रथम आतच संघटना बांधली आणि १९४७-४८ मध्ये बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष उभा केला. मार्च १९४८ मध्ये नाशिकला समाजवाद्यांनीही काँग्रेस सोडली. पक्षांतर्गत पक्षाला काँग्रेसने घटनेनेच मनाई केल्यावर दुसरा मार्ग तरी कोणता होता? यशवंतराव चव्हाण मात्र जेधे-मोरे गटाशी जवळीक असूनही आतच राहिले.

१९५२ मध्ये समाजवादी पक्षाला देशात सुमारे दहा टक्के मते पडली. लोकसभेच्या जागा मिळाल्या बारा. शेतकरी कामगार पक्ष दाभाडीच्या प्रबंधानंतरच्या वादात फुटला. १९५४ मध्ये खुद्द जेधे काँग्रेसमध्ये परतले. त्यांच्या निधनानंतर १९६० साली बारामतीची पोटनिवडणूक झाली, तेव्हा त्यांचे चिरंजीव गुलाबराव काँग्रेसचे उमेदवार होते आणि समोर उभा होता जेध्यांनीच काढलेला पक्ष! इकडे चव्हाण १९५६ मध्ये मुख्यमंत्री झाले. पुढे कमाल जमीनधारणेचा कायदा आला, जिल्हा परिषदा आल्या. म्हणजे आत राहिलेलेच शहाणे, असे आपले साथी म्हणतात.

मला हा निष्कर्ष अपुरा वाटतो. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर तडाखा दिला. त्या समितीत शेतकरी कामगार पक्ष होता, प्रजासमाजवादी होते, कम्युनिस्ट होते. बाहेरचा तो रेटा नसता, तर आतल्यांच्या शब्दाला एवढे वजन आले असते काय?

आणि १९७७ विसरू नका. जनता पक्षात विलीन होताना आपण आपले घर मोडले. जनसंघानेही पक्ष विसर्जित केला खरा, पण संघाची शाखा रोज भरतच राहिली. दुहेरी निष्ठेचा वाद पेटला, जनता पक्ष फुटला, आणि एप्रिल १९८० मध्ये ते भारतीय जनता पक्ष म्हणून जवळजवळ अखंड बाहेर पडले. आपण अनेक तुकड्यांत विखुरलो. उजव्यांकडून शिकण्यासारखे थोडे असते. हे त्यातले आहे.

शिवाय आता आत राहून झगडण्याची वाटही अरुंद झाली आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेश मोडणाऱ्या आमदाराचे सदस्यत्व धोक्यात आणले. २००३ च्या दुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची मुभाही गेली. पक्षश्रेष्ठींशी मतभेद ठेवून मतदान करणे लोकप्रतिनिधीला फार महागात पडते. तेव्हा आपले दोन-चार सदस्य तेथे जाऊन कोणाचे वळण बदलणार?

म्हणून या ठरावाला माझा विरोध आहे. निवडणुकीपुरता समझोता जरूर करावा, परंतु लेखी करावा. खडकवासल्याच्या पाण्यावर पुणे शहराची मागणी वाढत असताना टेलच्या गावांना आवर्तन कसे मिळणार, गुऱ्हाळांवर राबणाऱ्या बाहेरगावच्या मजुरांची मजुरी व त्यांच्या मुलांची शाळा यांची जबाबदारी कोण घेणार, हे त्यात स्पष्ट असावे. सभासदनोंदणीची पुस्तके, निधी आणि गावोगावच्या समित्या आपल्याकडेच राहाव्यात. ठरावाला तशी दुरुस्ती मी सुचवतो आणि ती मतास टाकावी, अशी अध्यक्षांना विनंती करतो.